वयाचा दाखला

कुपवाडच्या एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीमागं
भरतेश आवटींचा कारखाना
मक्याच्या बुरकुंडांतून फरफ्युरल काढतो.
वास कडू बदामाचा. पिंपात ओतताना पाण्यासारखं,
हवा लागली की हळूहळू चहासारखं होत जातं.
माझ्या फायलींनाही तोच वास.
घरी गेले की पोरगी म्हणते, आई, आज पुन्हा बदाम.

मी हिशेब लिहिते.
यंदा सरकारनं ठरवलं :
जमिनीखालच्या तेलातून नाही,
शेतातल्या टाकाऊतून जो रसायन काढेल
त्याला किलोमागं साडेतीन रुपये करातून वळते.
अर्ज बावीस पानी.
पान नऊ : कच्च्या मालातला कार्बन
शंभरात अठ्ठ्याण्णव तरी नवा हवा.
तसा दाखला जोडावा.

कार्बनला जन्मदाखला!
मी हसले. केमिस्ट प्रीतम बुरुड हसला नाही.
म्हणाला, काल-परवा ज्यानं ऊन प्यालंय
त्याच्यात एक बारीक घड्याळ चालू असतं.
तेलातलं कधीच थांबलं,
मोजायलाही काही उरलं नाही.

पिशवीभर कुट्टी सील करून पुण्याला.
तीन आठवडे भरतेश दारातूनच विचारायचे, आलं का?
एकोणीस लाखांचा प्रश्न,
बॉयलरचा हप्ता त्याच्यावर टांगलेला.

आलं.
सत्त्याण्णव पूर्णांक दोन.

हे म्हातारं शिरलं कुठनं?
मका आटपाडीचा, खरसुंडीचा, गेल्या दिवाळीतला.
आम्ही ढिगाऱ्याशी गेलो.
जैबुन मुजावर तिथं पोती फोडते :
विळ्यानं शिवण कापायची, पोतं झटकायचं, बाजूला.
प्रीतमनं विळा हातात घेतला.
धार अशी, की लोणी कापायलाही विचार करील.
शिवण तुटतच नव्हती, पोतं फाटत होतं,
प्लास्टिकच्या निळ्या-पांढऱ्या चिंध्या पट्ट्यावरनं
बुरकुंडांच्या संगतीनं आत.

"मागितला हुता की नवा," जैबुन म्हणाली,
"श्रावणात. चिठ्ठी दिलीया."

चिठ्ठी माझ्याच खणात निघाली.
किरकोळ खर्च, विळा एक, रुपये एकशे चाळीस.
खाली हिरव्या शाईत : नंतर बघू.
हिरवी शाई ऑफिसात मी एकटीच वापरते.

भरतेशना मी काय सांगितलं
ते इथं लिहीत नाही.

गणपती पेठेतनं दोन विळे आणले. स्वतः गेले.
दुसऱ्या नमुन्याची पिशवी बांधताना
जैबुननं विचारलं, ह्येचं वय त्यास्नी कळतं कसं?
प्रीतमचं घड्याळ मला जमेल तसं सांगितलं.
ती बराच वेळ कुट्टीत बोटं फिरवत राहिली.
मग म्हणाली,
"माझं बी चार क्येस धाडा की त्येच्यात.
आधारवाल्या पोरानं एक जानेवारी घातलीया,
आमच्या आख्ख्या गल्लीचा वाढदिस त्याच दिशी.
पेन्शनीला पाच वर्सं कमी पडत्यात म्हणं.
कोयनेचा भूकंप झाला तवा
भावाला काखेत घिऊन मी भाईर पळाले.
कागदावर तवा मी दोन वर्साची.
दोन वर्साचं पोर
भावाला उचलंल व्हय, बाई?"

मी लाख वितळवत होते.
थेंब पिशवीवर पडायचा तो बोटावर पडला.

निकाल अजून यायचाय.
शनिवारी धारवाला येतो, त्याची पावती
मी न विचारता पास करते.
पान नऊ पुन्हा भरलं, या खेपेला निळ्या शाईनं.
जैबुनच्या कागदाचं तेवढं राहिलंय :
तहसीलला दोनदा जाऊन आले,
खिडकी चार म्हणते सहाला जा,
सहा म्हणते, पुरावा आणा.